ॲप नवे, आतली माहिती मात्र जुनीच

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तरीही मोबाइलवरच्या काही मराठी ॲपमध्ये पत्ता भरताना किंवा जिल्हा निवडताना जुनीच यादी उघडते. ॲप अपडेट केले, नवी आवृत्ती आली, तरी यादी जुनी. तक्रार केली की ठरलेले उत्तर मिळते, 'ॲप काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा.' वापरणारा तसे करतो. यादी नवी होते, पण त्याच ॲपमध्ये वर्षानुवर्षे साठवलेल्या खुणा, टिपा आणि नोंदी कायमच्या जातात.

हे उत्तर देणे थांबले पाहिजे. दोष फोनचा नसतो, वापरणाऱ्याचा तर नसतोच. तो ॲपच्या बांधणीत असतो आणि तो काढता येतो. मराठीत शब्दकोश, अभंगगाथा, पंचांग, वनौषधी, पीकसल्ला अशी ॲप करणाऱ्यांत एकेकट्याने, नोकरी सांभाळून काम करणारे लोक असतात. त्यांच्यासाठी, आणि ती ॲप रोज वापरणाऱ्यांसाठी, हे जरा तपशिलात लिहीत आहे.

मूळ घोटाळा असा. नेट नसतानाही चालावे म्हणून अशा ॲपमध्ये माहिती आधीच भरून दिलेली असते. ती सहसा एसक्यूलाइटच्या, म्हणजे सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या प्रणालीच्या, एकाच फाइलमध्ये असते. अँड्रॉइडवर ही फाइल पॅकेजमधल्या 'ॲसेट्स' फोल्डरात ठेवतात. पॅकेज म्हणजे एक झिप फाइल. तिच्या पोटातला डेटाबेस जागच्या जागी उघडता येत नाही, म्हणून ॲप पहिल्यांदा सुरू झाले की ती फाइल बाहेर काढून फोनमधल्या ॲपच्या खासगी फोल्डरात तिची प्रत केली जाते. पुढचे सगळे काम त्या प्रतीवर चालते. अपडेट आले की अँड्रॉइड पॅकेज बदलते, खासगी फोल्डरला हात लावत नाही. हे योग्यच आहे, त्यामुळेच तर खुणा आणि टिपा टिकतात. पण कोडमध्ये अनेकदा एवढेच लिहिलेले असते की 'प्रत नसेल तर कर'. प्रत तर पहिल्या दिवशीच झालेली असते. नवी फाइल पॅकेजात येऊन पडते आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही.

तेव्हा प्रत आहे का, एवढेच विचारून भागत नाही. ती कितवी आहे, हे विचारावे लागते. त्याची सोय एसक्यूलाइटने फाइलमध्येच करून ठेवली आहे. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला १०० बाइटचे शीर्ष असते. शून्यापासून मोजले तर ६० ते ६३ हे चार बाइट 'यूजर व्हर्जन' या आकड्यासाठी राखलेले आहेत. हा आकडा आपण द्यायचा असतो, एसक्यूलाइट त्याला स्वतःहून हात लावत नाही. मजकूर बदलला की फाइल तयार करतानाच तो एकाने वाढवा. ॲप सुरू होताना पॅकेजमधल्या फाइलचे पहिले ६४ बाइट नुसते वाचले तरी आकडा कळतो. मोठा बाइट आधी, या क्रमाने तो लिहिलेला असतो. पॅकेजात ७ आणि फोनमध्ये ५ असेल तर प्रत बदला, सारखेच असतील तर काही करू नका. यासाठी ॲपचा स्वतःचा आवृत्तिक्रमांक वापरू नये. ॲप वर्षात दहा वेळा बदलेल, जिल्ह्यांची यादी एकदाही बदलणार नाही. मग दर वेळी ४० एमबीची प्रत उगाच कशाला करायची?

इथे एक खड्डा हमखास लागतो. डेटाबेस उघडून देणारा अँड्रॉइडचा तयार कोड, 'एसक्यूलाइट ओपन हेल्पर', हाच आकडा बघून निर्णय घेतो. आकडा शून्य असेल तर डेटाबेस कोरा आहे असे समजून तो टेबले नव्याने तयार करणारे 'ऑन क्रिएट' चालवतो. संगणकावर तयार केलेल्या फाइलमध्ये आकडा द्यायचा राहिला तर तो शून्यच असतो. मग 'टेबल आधीच आहे' अशी चूक येऊन ॲप पहिल्याच दिवशी बंद पडते. उलट फोनमधला आकडा कोडमध्ये हेल्परला दिलेल्या आकड्यापेक्षा मोठा निघाला, तर 'ऑन डाउनग्रेड' मुद्दाम लिहिले नसल्यास हेल्पर सरळ चूक फेकतो. चाचणीची आवृत्ती टाकून नंतर जुन्या आवृत्तीवर परतणाऱ्यांना हा अनुभव येतो.

आता मुख्य गोष्ट. आकडा जुळत नाही म्हणून जुनी प्रत पुसून नवी ठेवली, तर वापरणाऱ्याने त्याच फाइलमध्ये लिहिलेले सगळे पुसले जाईल. काढून पुन्हा टाकण्याचाच हा प्रकार, फक्त न विचारता केलेला. 'आवडते' नावाचा रकाना मजकुराच्या टेबलातच जोडला की हे संकट ओढवतेच. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे एकच आहे. ॲप करणाऱ्याचा मजकूर आणि वापरणाऱ्याच्या नोंदी या दोन वेगळ्या फाइलमध्ये असल्या पाहिजेत. मजकुराची फाइल फक्त वाचण्यासाठी उघडा, तिच्यात फोनवर एक अक्षरही लिहू नका. ती केव्हाही फेकून नवी ठेवता आली पाहिजे. नोंदींची फाइल छोटी असते. तिच्यात खुणा, टिपा, शोधांचा इतिहास आणि सेटिंग असावेत, आणि ती कधीच बदलून टाकायची नाही. रकाने वाढवायचे झाले तर पायरीपायरीने वाढवायचे.

दोन फाइल झाल्या की दोन्हींतली माहिती एकत्र कशी दाखवायची, हा प्रश्न येतो. एसक्यूलाइटच्या 'अटॅच' आदेशाने दुसरी फाइल जोडून एकाच क्वेरीत, म्हणजे माहिती मागण्याच्या एकाच आदेशात, दोन्ही टेबले वापरता येतात. अँड्रॉइडवर दोन गोष्टी सांभाळा. आकडा वाढल्यावर चालणारे हेल्परचे 'ऑन अपग्रेड' आधीच ट्रान्झॅक्शनच्या आत, म्हणजे सगळे बदल होतील किंवा एकही नाही अशा गठ्ठ्यात, चालत असते, तिथे जोडाजोडी करू नका. डेटाबेस पूर्ण उघडल्यावर करा. शिवाय फाइल जोडली की अँड्रॉइड त्या डेटाबेसची वॉल पद्धत, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत, बंद करते. शे-दोनशे खुणा असतील तर त्याहून सोपा मार्ग आहे. नोंदींच्या फाइलमधून क्रमांक घ्या आणि मजकुराच्या फाइलला ते क्रमांक देऊन ओळी मागवा. एका क्वेरीत किती क्रमांक देता येतात यालाही मर्यादा आहे. एसक्यूलाइटच्या ३.३२ आवृत्तीच्या आधी ती मूळची ९९९ होती. जुने फोन डोळ्यांपुढे ठेवून पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्याने मागवणे बरे.

पण फाइल वेगळ्या केल्या म्हणून काम संपत नाही. नोंदींतली खूण मजकुरातल्या नेमक्या कोणत्या ओळीकडे बोट दाखवते, यावर सगळे अवलंबून आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नेहमी घडते ते असे. मजकूर एक्सेलमध्ये असतो. आवृत्ती काढताना त्याचा डेटाबेस केला जातो आणि ओळींना १, २, ३ असे क्रमांक आपोआप पडतात. गाथेच्या ॲपमध्ये १०० व्या जागी राहून गेलेला एक अभंग घातला की पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. वाचकाने २१२ व्या अभंगावर केलेली खूण आता त्याच्या आधीच्या अभंगावर दिसते. ॲप बंद पडत नाही, चूक कुठे नोंदली जात नाही आणि वाचकाला वाटते आपलाच काही गोंधळ झाला. ॲप बंद पडले असते तर निदान कळले तरी असते. गाथेचा छापील क्रमांक ओळख म्हणून घेऊनही भागत नाही, कारण वेगवेगळ्या छापील प्रतींत अभंगांचे क्रमांक वेगळे आहेत.

म्हणून प्रत्येक ओळीला एक कायमचा ओळखक्रमांक द्या. तो एक्सेलमध्येच स्वतंत्र रकान्यात लिहून ठेवा. एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही आणि ओळ काढली तरी तो दुसऱ्या ओळीला द्यायचा नाही. सरकारी क्रमांक उपलब्ध असेल तर उत्तम. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद जिल्ह्याचा क्रमांक ५१५, अहमदनगरचा ५२२ आणि उस्मानाबादचा ५२५ होता. ज्या ॲपने नोंदींमध्ये '५१५' साठवले, त्याला नाव बदलल्यावर मजकुराच्या फाइलमधली एक ओळ बदलून भागते. जिथे 'औरंगाबाद' हा शब्दच साठवला होता, तिथे हजारो फोनमधल्या नोंदी अनाथ झाल्या.

शब्द हीच ओळख धरण्यात मराठीपुरता आणखी एक धोका आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक क्रमांकयादीत, ०९७२ या क्रमांकाने २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या मजकुरात तेच अक्षर 'अ' आणि अर्धचंद्र असे जोडून लिहिलेले असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. 'ऱ' चेही दोन प्रकार आहेत. एक स्वतंत्र अक्षर, दुसरा 'र' खाली नुक्ता देऊन. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने 'ऱ' चे दोन प्रकार एक होतात, 'ॲ' चे मात्र होत नाहीत. ते स्वतः नियम लिहूनच बदलावे लागतात. शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीत कोणी असा मजकूर शुद्ध करून घेतला आणि खुणा शब्दांवर बांधलेल्या असल्या, तर 'ॲ' ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या खुणा एका रात्रीत नाहीशा होतात. मजकूर जरूर शुद्ध करा, शोधखिडकीत टाइप होणाऱ्या शब्दालाही तेच नियम लावा, पण खूण शब्दावर बांधू नका. शोधासाठी वेगळी अनुक्रमणिका ठेवली असेल तर फाइल तयार करतानाच ती नव्याने बांधून घ्या. ती फोनवर बांधत बसू नका.

पिनकोडबद्दलही सांगायला हवे. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली, आणि गावाचे नाव बदलले तरी आकडा टिकतो हा तिचा मोठा गुण आहे. पण एका पिनकोडाखाली अनेक टपाल कार्यालये येतात, तेव्हा नुसता पिनकोड ही ओळीची ओळख होऊ शकत नाही. पिनकोड आणि टपाल कार्यालय मिळून एक ओळ, आणि तिला आपला वेगळा क्रमांक, असेच करावे लागते.

नाव बदलणे हा सोपा बदल. जिल्हा फुटणे अवघड. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके तिकडे गेले. ज्या ॲपने नोंदीत तालुक्याचा क्रमांक ठेवला होता, त्याला तालुक्याच्या टेबलात जिल्ह्याचा रकाना बदलणे पुरे होते. ज्याने फक्त 'ठाणे' ठेवले, त्याच्याकडे त्या माणसाचे शेत शहापुरात आहे की जव्हारात, हे ठरवायला काहीच आधार नव्हता. अशा वेळी अंदाज बांधू नये. ती नोंद 'तपासायची' म्हणून वेगळी ठेवावी आणि ॲप उघडल्यावर वापरणाऱ्याला एकदा विचारावे. पुढे कुठला जिल्हा फुटेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून नोंद नेहमी शक्य तितक्या खालच्या पातळीवरची साठवा.

ओळ काढून टाकण्याचे उदाहरण बँकांचे. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून तिचे जुने आयएफएससी कोड बंद झाले. बँकशाखांची यादी देणाऱ्या ॲपने नव्या फाइलमधून जुन्या ओळी गाळल्या, तर ज्याने तो कोड खुणेत ठेवला होता त्याला रिकामी ओळ दिसणार. ओळ गाळू नका. 'कधीपासून बंद' आणि 'आता कोणती ओळ बघायची' असे दोन रकाने वाढवा. यादीत शोधताना बंद ओळी दाखवू नका, पण खुणेतून कोणी आले तर 'हा कोड बंद झाला, नवा कोड हा' असे दाखवा. मरून गेलेली ओळ अशी जपून ठेवायला फाइलमध्ये जेमतेम काही शे बाइट लागतात.

आता प्रत करण्याची क्रिया. चार ओळींचे काम म्हणून ते चार ओळींतच उरकले जाते आणि त्यातून 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' ही फाइल बिघडल्याची कुप्रसिद्ध चूक जन्मते. प्रत अर्धी झालेली असताना फोनमधली जागा संपली किंवा बॅटरी गेली, की अर्धवट फाइल मागे राहते. पुढच्या वेळी 'प्रत आहे' असे उत्तर मिळते आणि ती अर्धवट फाइलच उघडली जाते. म्हणून प्रत आधी तात्पुरत्या नावाने करा. त्याआधी फोनमध्ये फाइलच्या आकाराच्या निदान दीडपट जागा आहे का ते बघा. नसेल तर जुनाच मजकूर चालू ठेवून तसे स्पष्ट सांगा. लिहून झाल्यावर फाइल डिस्कवर उतरवण्याचा सिंक आदेश द्या, फाइल उघडून ती शाबूत आहे का हे पाहणारा 'क्विक चेक' चालवा, आकडा खरोखर ७ आहे का बघा, आणि मगच नाव बदला. एकाच फोल्डरात नाव बदलणे ही एका झटक्यात होणारी क्रिया आहे, तिथे अर्धवट काही राहत नाही. हे सगळे पडद्यामागच्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या वेगळ्या धाग्यावर, चालू द्या. मुख्य थ्रेड अडवून धरला आणि स्पर्शाला पाच सेकंद उत्तर मिळाले नाही, तर अँड्रॉइड 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशी सूचना दाखवते. वापरणारा ॲप बंद करतो आणि प्रत पुन्हा अर्धी राहते.

जुन्या फाइलच्याच नावावर नवी चढवण्यात आणखी एक सापळा आहे. वॉल पद्धत चालू असेल तर मुख्य फाइलशेजारी '-वॉल' आणि '-एसएचएम' अशी शेपटे लावलेल्या दोन फाइल असतात. अँड्रॉइड ९ पासून ही पद्धत बऱ्याच ॲपमध्ये कोणी न सांगताही चालू असते. मुख्य फाइल बदलली आणि जुनी वॉल फाइल तशीच राहिली, तर एसक्यूलाइट जुने बदल नव्या फाइलवर चढवू पाहते आणि डेटाबेस बिघडतो. त्याहून वाईट म्हणजे असा बिघाड दिसला की अँड्रॉइडची मूळ व्यवस्था ती फाइलच पुसून टाकते. नोंदीही त्याच फाइलमध्ये असल्या तर त्या तिच्याबरोबर जातात. फाइल पुसायचीच असेल तर साधा डिलीट वापरू नका, अँड्रॉइडची 'डिलीट डेटाबेस' ही सोय वापरा. ती शेजारच्या फाइलही काढते.

मला यावर सर्वांत भरवशाचा वाटतो तो उपाय अगदी साधा आहे. फाइलच्या नावातच आकडा घाला. 'मजकूर-५' शेजारी 'मजकूर-७' तयार करा, ती तपासून उघडा, आणि नंतर 'मजकूर-५' पुसा. कशावर काही चढवायचेच नाही. घरपडद्यावरचे विजेट किंवा आठवण देणारी सेवा जुनी फाइल उघडून बसलेली असली, तरी तिचे काही बिघडत नाही. ती पुढच्या वेळी नवी फाइल उघडते.

फाइल तयार करणाऱ्या संगणकावरही चार गोष्टी शेवटी कराव्यात. वॉल पद्धत बंद करण्यासाठी जर्नल मोड 'डिलीट' वर आणावा, नाहीतर शेवटचे बदल संगणकावरच्या वॉल फाइलमध्ये राहून पॅकेजात अपुरी फाइल जाते. शीर्षातले १८ आणि १९ हे बाइट पाहिले की हे कळते. दोन्ही १ असतील तर ठीक, २ असतील तर फाइल अजून वॉल पद्धतीत आहे. त्यानंतर फाइल आवळणारा 'व्हॅक्यूम', मग फाइल शाबूत आहे का हे पाहणारा 'इंटिग्रिटी चेक' आणि टेबलांमधले दुवे तपासणारा 'फॉरेन की चेक'. आधीच्या आवृत्तीतला एखादा ओळखक्रमांक नव्या फाइलमध्ये नाही असे आढळले तर पॅकेज तयारच होऊ नये, अशी तपासणी स्क्रिप्टमध्ये बसवा. ती वीस ओळींची स्क्रिप्ट पुढची अनेक वर्षे राखण करते.

ज्यांचे ॲप आधीच एका फाइलवर चालू आहे आणि लोकांच्या नोंदी तिच्यात आहेत, त्यांनी काय करावे? एकदाच एक स्थलांतर करावे लागेल. नोंदींची नवी फाइल करा. जुन्या फाइलमधून फक्त वापरणाऱ्याच्या ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये तिच्यात उतरवा, आणि उतरवताना जुना क्रमांक बदलून कायमचा क्रमांक लिहा. त्यासाठी जुना-नवा असा जोडतक्ता लागतो, आणि तो प्रत्येक जुन्या आवृत्तीसाठी वेगळा लागतो, कारण क्रमांक दर वेळी सरकलेले असतात. म्हणून आजवर प्रसिद्ध केलेल्या सगळ्या डेटाबेस फाइल जपून ठेवणे फार मोलाचे आहे. उतरलेल्या ओळी मोजा. आकडे जुळले तरच स्थलांतर पूर्ण झाले असे लिहा. जुनी फाइल लगेच पुसू नका, नाव बदलून एक-दोन आवृत्त्या तशीच राहू द्या. आणि लोक दर अपडेट घेतात असे गृहीत धरू नका. कोणी ३ वरून थेट ७ वर येतो. त्याच्यासाठीही वाट असली पाहिजे.

एकच फाइल ठेवून तिच्यात नव्या ओळी भरायच्या असतील तर 'इन्सर्ट ऑर रिप्लेस' वापरताना जपा. नावावरून वाटते ओळ बदलली जाईल, प्रत्यक्षात जुनी ओळ पुसून नवी घातली जाते. 'आवडते' रकाना कोरा होतो, आणि टिपांचे टेबल 'कॅस्केड' ने, म्हणजे मूळ ओळ गेली की जोडलेल्या ओळीही जाव्यात अशा नियमाने, जोडलेले असेल तर टिपाही पुसल्या जातात. 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' हा योग्य आदेश एसक्यूलाइट ३.२४ मध्ये, २०१८ साली आला. पण फोनमधली एसक्यूलाइट अँड्रॉइडबरोबर येते आणि अँड्रॉइड १० पर्यंत ती त्याहून जुनी आहे. जुन्या फोनसाठी आधी 'अपडेट' करा, एकही ओळ बदलली नाही तर 'इन्सर्ट' करा.

डेटाबेस हाताळण्यासाठी गुगलची रूम लायब्ररी वापरणाऱ्यांना 'क्रिएट फ्रॉम ॲसेट' ही सोय २.२ आवृत्तीपासून मिळाली. तीसुद्धा फाइल नसेल तेव्हाच प्रत करते. नवी प्रत यावी म्हणून 'फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन' जोडण्याचा सल्ला दिला जातो. त्या नावातला 'डिस्ट्रक्टिव्ह', म्हणजे विध्वंसक, हा शब्द शब्दशः घ्या. मजकुराच्या स्वतंत्र डेटाबेसला तो चालतो, नोंदींच्या डेटाबेसला कधीही नाही. आणि ॲसेटमधल्या फाइलचा आकडा कोडमधल्या आकड्याशी जुळला नाही तर हाती कोरा डेटाबेस येतो.

आयफोनवर एक सोय आहे. पॅकेजमधली फाइल तिथे थेट, फक्त वाचण्यासाठी, उघडता येते. प्रतच करू नका म्हणजे अपडेटबरोबर मजकूर आपोआप नवा होतो. प्रत करावीच लागली तर तिला बॅकअपमधून वगळल्याची खूण करा.

बॅकअपची बाजू अँड्रॉइडवरही महत्त्वाची आहे. अँड्रॉइड ६ पासून असलेला आपोआप बॅकअप एका ॲपला २५ एमबीपर्यंतच जागा देतो. ४० एमबीचा मजकूर आणि १०० केबीच्या नोंदी एकाच फाइलमध्ये असतील तर नोंदींचाही बॅकअप होत नाही. वेगळ्या फाइल करा, मजकूर वगळा, नोंदी ठेवा. काही ॲप प्रत केल्यावर सेटिंगमध्ये 'प्रत झाली आहे' अशी खूण करून ठेवतात, तिचे दुखणे इथेच बाहेर येते. नवा फोन घेतला की बॅकअपमधून ती खूण परत येते, वगळलेली फाइल येत नाही. ॲप खुणेवर विश्वास ठेवते आणि नसलेली फाइल उघडायला जाते. म्हणून फाइल स्वतः बघा, तिचा आकडा वाचा.

चाचणी नेहमी जुन्यावर नवे चढवून करा. कोऱ्या फोनवर सगळेच नीट चालते. प्रसिद्ध झालेली प्रत्येक जुनी आवृत्ती आळीपाळीने टाका, यादीतल्या पहिल्या, शेवटच्या, नव्या आवृत्तीत बदललेल्या आणि बंद झालेल्या अशा चार ओळींवर खुणा करा, एक टीप मराठीत लिहा, आणि मग नवी आवृत्ती चढवून चारही खुणा नेमक्या कुठे उघडतात ते बघा. एकदा प्रत चालू असताना ॲप बळेच बंद करा. एकदा फोन व्हिडिओंनी भरून जागा संपवून बघा.

वापरणाऱ्यांना विनंती अशी की यादी जुनी दिसली म्हणून ॲप काढून टाकू नका. फोनच्या सेटिंगमध्ये 'कॅशे साफ करा' आणि 'डेटा साफ करा' ही दोन वेगळी बटणे असतात. पहिल्याने सहसा काही बिघडत नाही, दुसऱ्याने नोंदी जातात. ॲपमध्ये नोंदी बाहेर काढण्याची सोय असेल तर आधी ती फाइल स्वतःला ईमेल करा. सोय नसेल तर निदान महत्त्वाच्या खुणांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ॲप करणाऱ्यांना लिहिताना फोनचे मॉडेल, ॲपची आवृत्ती आणि आधी कोणती आवृत्ती होती हे तिन्ही कळवा. आणि ॲप करणाऱ्यांनी 'ॲपबद्दल' या पानावर, ॲपच्या आवृत्तीखाली, आणखी एक ओळ घालावी, 'माहितीची आवृत्ती ७, ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या बदलांसह'. ती फोनमधल्या फाइलमधूनच वाचून दाखवावी, कोडमध्ये लिहून ठेवू नये. तसे केले तर मजकूर बदलला की नाही, हे वापरणाऱ्याला आणि तक्रार वाचणाऱ्याला एका नजरेत कळेल.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे